म्होरक्याचं चुंबक

"चघळलेलं च्युइंगगम?" एर्मेसने चष्मा कपाळावर चढवला आणि दुइलिओच्या सायकलीकडे वाकून पाहिलं. "दुइलिओ, खरं सांग. सलामीचं तोंडपण तू च्युइंगगमनेच बंद करतोस का रे?"

"तात्पुरतं लावलं होतं."

"तात्पुरतं! आणि चुंबक कुठाय?"

"पडलं कुठंतरी. द्राक्षाच्या मळ्यापाशी असेल," दुइलिओ म्हणाला. गावात त्याचं सलामी-सॉसेजचं दुकान होतं. डुकराचा पाय हाडापासून असा सोडवायचा, की बघणाऱ्याने बोट तोंडात घालावं. पण सायकलीचा साधा स्क्रू हातात आला की हा माणूस लहान मूल व्हायचा.

अलीकडे क्लबातल्या सगळ्यांच्या हँडलवर ते घड्याळाएवढं यंत्र आलं होतं. मिनिटाला पाय किती वेळा फिरतात ते सांगायचं. त्यासाठी पेडलच्या दांडीला मसुराएवढं चुंबक लावायचं, आणि ते चौकटीवरच्या सेन्सरसमोरून गेलं की झाली एक फेरी. यंत्र मोठं शहाणं, पण चुंबक काही टिकायचं नाही. सोबत येणारा प्लास्टिकचा पट्टा हल्लीच्या जाड दांड्यांना पुरतच नसे. मग ज्याला जे सुचेल ते. कुणी जुन्या ट्यूबची पट्टी कापून बांधलं, कुणी वायरमनची चिकटपट्टी गुंडाळली, शाळेतल्या तेक्लाबाईंनी तर चक्क केसांचं रबर लावलं. आणि सगळ्यांची चुंबकं शेवटी गटारात.

एर्मेसने बसवलेलं चुंबक मात्र कधी पडलं नाही. पडेल कसं? उभा जन्म त्याने कवळ्या घडवल्या होत्या. माप दाताचे डॉक्टर घ्यायचे, पण दात एर्मेसचे. फ्रिउलीच्या त्या टेकड्यांखालच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, आणि हे तो कुणी न विचारताही सांगायचा. कवळीच्या हिरडीसाठी जी गुलाबी पूड आणि उग्र वासाचं पाणी कालवतात, तोच मसाला त्याने सायकलींना लावला. क्लबातल्या प्रत्येक दांडीवर एक गुलाबी टेंगूळ, आणि टेंगळात चुंबक. बाहेरगावचे सायकलवाले थांबून विचारायचे, "काय हो, तुमच्या सायकलींना हिरड्या फुटल्या का?"

"घे," एर्मेसने पुडी आणि बाटली टेबलावर सरकवली. डाव्या हाताने. "आधी ती दांडी कानशीने खरवड. गुळगुळीत अंगाला काही चिकटत नाही."

"मी?" दुइलिओ दचकला. "तूच लाव की. तुझ्या हाताला गुण आहे."

"आयतं किती दिवस खाशील? शीक जरा. मी काय अमरपट्टा घेऊन आलोय?"

दुइलिओने कुरकुरत कानस उचलली. एर्मेस शेजारी उभा राहून हुकूम सोडत होता. "घास, घास, कुरवाळू नकोस. पाणी थेंबाथेंबाने. आता थांब. कणकेसारखं होऊ दे. झालं? दाब अंगठ्याने." उजवा हात त्याने पुढे बांधलेल्या कामाच्या कापडाच्या खिशात खोल घातला होता. मूठ घट्ट मिटलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याची बायको वाल्नेआ पांढऱ्या शतावरीचे कोंब सोलत बसली होती. तिने एकदा त्या खिशाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा सोलायला लागली.

हात थरथरत होता. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं: कंपवात. पण सुरुवात त्याच्याही आधीची. ऑक्टोबरात तो एकटाच सायकलीवरून मळ्याच्या रस्त्याने चालला होता, आणि चढावर त्याचे पाय फिरता फिरता मंद झाले. इतके मंद, की त्याचं त्यालाही कळलं नाही, आणि मग थांबलेच. पेडलात अडकलेल्या बुटांसकट एर्मेस आडवा झाला तो थेट चरात. वाल्नेआ शोधत आली तेव्हा तो तसाच पडलेला, सायकल अंगावर. आणि म्हणतो काय, "आकाश बघतोय."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याला नीट समजावलं होतं. "पाय तुमचे धड आहेत, एर्मेसजी. त्यांना फक्त कुणीतरी ताल धरून द्यायला हवा. मिनिटाला ऐंशी फेऱ्या. हलका गियर, भरभर पाय." यंत्राला त्यांनीच सांगून ठेवलं, ऐंशीच्या खाली गेलं की टीं-टीं ओरडायचं. आणि खरंच, ती टीं-टीं ऐकली की त्याचे पाय झोपेतून उठल्यासारखे पळायचे. चालताना तो दारात अडखळायचा, उंबऱ्याशी पाय खिळायचे. पण सायकलीवर, आकडा समोर असला की तो जुना एर्मेस असायचा.

वाल्नेआची अट सरळ होती. आकडा नाही तर सायकल नाही. शिवाय ती मागून तिच्या छोट्या पांडा गाडीतून येणार, काच खाली करून, कान देऊन.

"माझ्यामागून तिरडीची गाडी आल्यासारखी वाटते," तो चिडायचा.

"तिरडीची असती तर तू गप्प पडला असतास," ती म्हणायची. "तेवढं सुख माझ्या नशिबी कुठलं!"

स्वतःच्या सायकलीसाठी त्याने मसाला वापरलाच नव्हता. थरथरत्या हाताने चुंबक कसलं चिकटवणार? पण पेडलचा आस दांडीतून जिथे आतल्या बाजूला डोकावतो, तिथे तो पोलादाचा. चुंबक नुसतं जवळ न्यायचा अवकाश, शेवटच्या बोटभर अंतरात ते स्वतःच उडी मारायचं. टक्! हात कितीही हलो. पहिल्यांदा ते टक् ऐकलं तेव्हा एर्मेसला भरून आलं होतं. माणसांनी इतकं समजूतदार असावं, असं त्याला वाटलं होतं.

क्लबात यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि उद्यापर्यंत तरी ठाऊक व्हायला नको होतं. कारण उद्या एर्मेस म्होरक्या होणार होता.

मे महिन्यातल्या त्या एका रविवारी सगळा क्लब डोंगरावरच्या देवळापर्यंत चढायचा, आणि सगळ्यात वयस्कर माणूस पुढे असायचा. वाटेतल्या दगडी कारंज्यापर्यंत त्याला कुणी ओलांडायचं नाही, मग तो गोगलगाय होवो की हरीण. कारंज्यापाशी म्होरक्या उजवा हात वर करायचा, आणि मग एकेकाने त्याला मागे टाकत जायचं. जाताना शिवी देऊन. शिवी दिल्याशिवाय ओलांडणं हा अपमान. आदल्या दिवशी म्होरक्याची सायकल बाकीच्यांनी धुवायची, पण चढाईच्या दिवशी सकाळी मात्र तिला त्याच्याखेरीज कुणाचा हात लागायचा नाही. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. गाव ज्यांना बार्बा, म्हणजे काका, म्हणायचं ते जेल्मीनो वर्षानुवर्षं म्होरके होते. यंदा त्यांचे गुडघे गेले, आणि पाळी आली एर्मेसची. इतकी वर्षं जेल्मीनोंच्या पाठीवरचा घाम बघत चढलेला माणूस तो. एकदा तरी समोर मोकळा रस्ता बघायचा होता त्याला.

त्यांना कळलं तर ते नाही म्हणणार नाहीत, हे एर्मेसला पक्कं माहीत होतं. ते मायेने वागतील, आणि तीच धास्ती होती. क्लबातल्या बिचाऱ्या नेव्हिओला साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा त्याला त्यांनी मधे घेतलं, पुढे एक, मागे एक, काचेचं भांडं नेतात तसं. कुणी त्याला शिवी देईना, कुणी त्याची चेष्टा करेना. त्याच वर्षी शिशिर लागायच्या आत नेव्हिओने सायकल विकून टाकली.

"झालं बघ!" दुइलिओने अभिमानाने दांडी फिरवून दाखवली. "हिरडी फुटली."

"वाकडी आहे. पण चावेल," एर्मेस म्हणाला.

जाताना दुइलिओ रिवाजाप्रमाणे एर्मेसची सायकल गाडीत टाकून धुवायला घेऊन गेला. एर्मेसने खुशीत निरोप दिला. वाल्नेआ खिडकीतून म्हणाली, "किती दिवस दुसऱ्यांच्या हातून कामं करून घेशील?"

"उद्यापर्यंत."

"आणि परवा?"

"परवाचं परवा. तू शतावरी सोल."

रविवारी चौकात सगळे जमले होते. सकाळची मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, आटोपली होती; आता घंटा वाजली की निघायचं. बारच्या दारात बार्बा जेल्मीनो काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. वाल्नेआची पांडा मागे उभी होती, डोंगरावर खाण्यासाठी सलामी, पाव आणि वाइनचे बुधले भरून.

सायकल बघून एर्मेसचे डोळे दिपले. आरशासारखी लखलखत होती. आणि मग त्याची नजर खाली गेली.

"ही पेडलं कुणाची?"

"तुझी!" दुइलिओने त्याच्या पाठीत थाप घातली. "सगळ्यांनी मिळून घेतलीत. म्होरक्याला भेट. टायटॅनियमचा आस आहे बाबा! उचलून बघ, वजनच नाही. शर्यतीवाले वापरतात ती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एर्मेसच्या तोंडून "मुलांनो…" एवढंच निघालं. आनंद तर झालाच होता. पण नजर त्या आसावरून हलेना. "आणि जुनी?"

"पाद्रीबाबांना दिली. त्यांची पार झिजली होती. मघाशीच ती लावून वरच्या वाडीला गेले मिस्सा सांगायला. आशीर्वाद दिलाय त्यांनी तुला." दुइलिओने खिशातून काडेपेटी काढली. "आणि हे तुझं चुंबक. काढताना निघालं. परत लावायला गेलो तर राहीना."

एर्मेसने काडेपेटी डाव्या हातात घेतली. चुंबक आसाच्या टोकाजवळ नेलं. बोटभर अंतर. अर्धं बोट. टेकवलं. चुंबकाने उडी मारली नाही. त्याने बोट काढलं, आणि ते खाली पडून फरशीवर टिंग करत घरंगळलं.

"टायटॅनियम आहे ना, त्याला चुंबक कसं धरेल?" तेक्लाबाई म्हणाल्या आणि लगेच स्वतःच कपाळावर हात मारला. "अरे देवा. वजनाच्या नादात कुणाच्या डोक्यातच आलं नाही!"

मग काय विचारता! चुंबक लावायचे गावातले झाडून सगळे उपाय त्या चौकात गोळा झाले. कुणी ट्यूबची पट्टी काढली, कुणी जखमेवरची चिकटपट्टी. कुणी देवळातून अर्धी जळकी मेणबत्ती आणली, "मेण ओता, मेण!" दुइलिओ तर जबडा हलवायला लागलाच होता. तोंडातलं च्युइंगगम काढायला त्याने बोटं वर नेली, तोच बार्बा जेल्मीनोंची काठी फरशीवर आपटली.

"हात मागे! आज त्या सायकलीला त्याचाच हात लागेल."

"पण बार्बा, नुसतं चुंबकच तर…"

"माझी चेन निसटली होती त्या वर्षी, तेव्हा कुणी लावली? मीच ना? मग!"

"आकडा हवाच कशाला?" तेक्लाबाईंनी तोडगा काढला. "एक दिवस आकड्याशिवाय चढा की एर्मेस. तुमची पिढी काय यंत्र बघून चढत होती?"

"बरोबर!" सगळे म्हणाले. "आकडा गेला खड्ड्यात!"

वाट मोकळी होती. हो म्हणायचं आणि निघायचं. एर्मेसने पांडाकडे पाहिलं. वाल्नेआ दाराला टेकून उभी होती. ती रागावलेली नव्हती, नुसती उभी होती. चर, अंगावरची सायकल, आकाश बघतोय असं म्हणणारा नवरा, हे सगळं तिच्या तोंडावर होतं. तिने फक्त मान हलवली. नाही.

"आकडा लागेल," एर्मेस म्हणाला. "बारमधून एक बशी आणा."

त्याच्या पिशवीत मसाला नेहमी असायचाच. तो सायकलीपाशी खाली बसला, पुडी फोडली, बशीत ओतली. आता बाटली. हे काम दोन्ही हातांचं. त्याने उजवा हात खिशातून काढला.

बाटलीचं तोंड बशीवर आदळून कडकडकड वाजायला लागलं. थेंब बशीत कमी आणि फरशीवर जास्त पडले. उग्र वास सुटला.  सगळे त्या हाताकडे बघत होते. हात दाखवून अवलक्षण, एर्मेसच्या मनात आलं.

"ओहो!" दुइलिओला काहीतरी बोलल्याशिवाय राहवेना. "काल रात्री म्होरकेपण आधीच साजरं झालेलं दिसतंय! किती पेले रे?"

हशा पिकला. सुटकेचा हशा. एर्मेसही हसायला लागला. फुकटचं निमित्त चालून आलं होतं. गावात कुणाचा हात वाइनने थरथरला नाही? "हो रे, जरा जास्त झाली," एवढं म्हटलं की झालं. तो तोंड उघडणार होता.

पण नाही म्हणजे नाही, ते शब्द बाहेर येईनात. या हातांनी एर्मेसने कधी, एकदाही, पिऊन काम केलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नाही, बाप गेला त्या आठवड्यात नाही. समोर उभ्या असलेल्या चारचौघांच्या तोंडात त्याचे दात होते. आजारी म्हणवून घेणं एक वेळ परवडलं, पण हा माणूस पिऊन हात चालवतो म्हणे, हे? छे!

"वाइन नाही," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "कंपवात आहे. हिवाळ्यापासून. काल तुझ्याकडून करून घेतलं ते शिकवायला नाही, दुइलिओ. मला जमत नव्हतं म्हणून."

दुइलिओचं तोंड उघडंच राहिलं. च्युइंगगम दिसत होतं.

"आकडा नसला की पाय थांबतात माझे," एर्मेस पुढे म्हणाला. निघालंच आहे तर सगळंच निघू दे. "मला कळतही नाही. ऑक्टोबरात चरात पडलो होतो. वाल्नेआ मागून येते ती काही सलामी वाहायला नाही."

 तेक्लाबाईंनी हळूच हातमोजे काढले, पुन्हा घातले. एर्मेसला नेव्हिओ आठवला. आता मधे घेतील. पुढे एक, मागे एक.

"कुठला हात?" बार्बा जेल्मीनोंनी विचारलं.

"उजवा."

"आणि आकडा दिसला की पाय चालतात?"

"पळतात."

"मग लाव की तो आकडा! हातात धरून काय बसलायस? घंटा होईल आता."

एर्मेसने मसाला कालवायला घेतला. बशी हलत होती, हात हलत होता. तेवढ्यात त्याच्यावर सावली पडली. वाल्नेआ आली होती. काही न विचारता ती फरशीवर बसली, तिने सायकलीच्या दांडीला लागून आपला गुडघा उभा केला आणि त्यावर थाप मारली.

कवळ्यांच्या कामात हात कधी अधांतरी ठेवत नाहीत. मनगटाला आधी टेका, मग हत्यार. त्याच्या टेबलाला त्यासाठी लाकडाची खुंटी होती, मनगटाने घासून घासून गुळगुळीत झालेली. त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून वाल्नेआने वर्षानुवर्षं त्याने घडवलेले दात चकचकीत केले होते. टेका म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

तिने सायकलीला बोटही लावलं नाही. जेल्मीनोंनी पाहिलं आणि काठी हलवली नाही.

एर्मेसने मनगट बायकोच्या गुडघ्यावर ठेवलं. थरथर थांबली नाही, पण आवाक्यात आली. मसाला कणकेसारखा झाला होता. आसाच्या टोकाला चावी घालायचं सहा कोनांचं भोक असतं. ते त्याच्या आता लक्षात आलं, आणि तो जुन्या मस्तीत हसला.

"चिकटवायचंच कशाला? याला मूळच देतो!" त्याने गुलाबी गोळी त्या भोकात ठासून भरली. "आत सहा कोनांचं मूळ, वर हिरडी, हिरडीत चुंबक. आता हे निघालं तर माझं नाव बदला!"

"आणि पेडल बदलायचं झालं तर?" दुइलिओने घाबरत विचारलं.

"ते माझ्या वारसांना विचार."

कुणीतरी फसकन हसलं. एर्मेसने चुंबक ठेवलं, ते दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा बसलं. त्याने वरून अंगठा दाबून धरला. अंगठाही हलत होता, आणि गुलाबी मसाल्यावर त्याच्या रेघा थोड्या पुसट उमटल्या. देवळाची घंटा सुरू झाली.

"निघू या?" दुइलिओ म्हणाला.

"हिरडी वाळल्याशिवाय चावायचं नसतं. एकेक पेला घ्या तोवर. मला नको, मी काम करतोय!"

म्हणून त्या वर्षी घंटा होऊन गेल्यावरही सगळा क्लब चौकात उभा राहिला आणि पांढऱ्या वाइनचे छोटे पेले रिकामे करत राहिला. मसाला गरम होऊन घट्ट झाला. एर्मेसने त्यावर नखाने टकटक केली, दांडी उलटी फिरवली. हँडलवरचा आकडा जागा झाला.

"मांदी, बार्बा," त्याने गावच्या बोलीत जेल्मीनोंचा निरोप घेतला.

"मांदी. रस्ता सोडू नकोस," जेल्मीनो म्हणाले. "आणि कुणाच्या बापाला पुढे जाऊ देऊ नकोस."

समोरचा रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना द्राक्षाची कोवळी पानं, वर डोंगर, मधे कुणाचीही पाठ नाही. एर्मेस हलक्या गियरवर पाय फिरवत होता. आकडा पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी. छान चाललं होतं, पण मागची शांतता त्याला सोसवेना. एरवी या चढावर कोण गप्प बसतं? दुइलिओची चिनी मातीच्या दुकानातल्या बैलाची नेहमीची गोष्ट, तेक्लाबाईंचा गाण्याचा हट्ट, यातलं काहीच नाही. नुसता टायरांचा आवाज, आणि त्याच्याही मागे पांडाचं घुरघुरणं. घाबरून, जपून चाललेत माझ्यामागे, त्याला वाटलं. अंत्ययात्रेसारखे.

तिसऱ्या वळणावर चढ उभा झाला. टीं-टीं. टीं-टीं. सगळ्यांनी ऐकलं. त्याला मागे न बघताही कळलं, की सगळ्यांचे श्वास अडकलेत. पण पायांनीही ऐकलं होतं. ते पुन्हा फिरायला लागले, आणि यंत्र गप्प झालं.

मग कारंजं आलं.

एर्मेसने उजवा हात वर केला. त्याला तो कितीतरी वर्षं असाच वर करायचा होता. ताठ, राजासारखा. प्रत्यक्षात तो उन्हात पानासारखा फडफडत होता. त्याने तो खाली घेतला नाही. बघा म्हणावं.

कुणी पुढे आलं नाही.

थोडा वेळ गेला. हात फडफडतोय, मागे टायरांचा आवाज, आणि कुणी पुढे येत नाही. एर्मेसच्या कानशिलांत रक्त चढलं. "काय रे!" तो मागे न वळता ओरडला. "मुहूर्त बघताय का? दातखिळी बसली सगळ्यांची? त्या दातांचे पैसे परत हवेत मला!"

 मग मागून दुइलिओचा आवाज आला, जरा घोगरा. "बाजूला हो, थेरड्या! तुझ्यापेक्षा माझी मेलेली डुकरं लवकर चढतात!" आणि तो घामाघूम, लालबुंद, शेजारून पुढे गेला. त्याच्या दांडीवरचं वाकडं गुलाबी टेंगूळ फिरत गेलं.

बांध फुटावा तसं झालं मग. "हल की रे, फुटक्या कवळ्या!" "मैलाचा दगड समजून मी नमस्कार केला याला!" तेक्लाबाई शाळेत मुलांना कधी बोलू देणार नाहीत असं काहीतरी बोलून गेल्या. एकेक सायकल पुढे जात होती, एकेक हिरडी चमकत होती, आणि एर्मेस प्रत्येकाला उलटी शिवी देत होता, आणि रडत होता, आणि वारा लागतोय असं स्वतःला सांगायची त्याला गरज वाटली नाही.

शेवटचा वळणाआड गेला. मागे फक्त पांडा उरली. तिची काच खाली होती, नेहमीसारखी.

एर्मेसने पुन्हा उजवा हात वर केला.

पांडा मागेच राहिली. त्याने हात खाली घेतला नाही. बराच वेळ तसंच. मग इंजिनाचा आवाज बदलला आणि गाडी त्याच्या शेजारी आली. वाल्नेआ समोर रस्त्याकडे बघत होती. दोन्ही हातांनी तिने चाक घट्ट धरलं होतं.

"शिवी दिल्याशिवाय जाता येत नाही," एर्मेस म्हणाला.

"माहितीय मला." तिने त्याच्याकडे पाहिलं. आधी त्याच्या तोंडाकडे, मग त्याच्या पायांकडे. "गाढवा! वर पोचेपर्यंत सलामी संपली तर माझ्या नावाने ओरडायचं नाही!"

तिने काच वर केली. गाडी पुढे गेली, वळणावर जराशी अडखळली, आणि दिसेनाशी झाली.

आता पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. एर्मेसने हात खाली आणून हँडलवर ठेवला. पाय फिरत होते, आणि यंत्र गप्प होतं.